शासकीय ब्रश क्रमांक १७३

दात ही वस्तू सरकारी मालकीची नसल्यामुळे तिची निगा राखण्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. ब्रशाचं तसं नाही. सरकारने ब्रश दिला की त्याला नंबर पडतो, नंबर पडला की रजिस्टरात जागा मिळते, आणि रजिस्टरातल्या वस्तूला हात लावायची कोणाची छाती नाही. आमच्या शाळेत दात किडले आणि ब्रश शाबूत राहिले ते यामुळे. यात दोष कोणाचाच नाही, हे मी आधीच लिहून ठेवते. दोष शोधायला जे साहेब आले होते ते चहा पिऊन गेले.

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या शाळेत दंतनिगा मोहीम आली. दवाखान्याच्या डॉक्टर शुभाबाईंनी पोरांची तोंडं उघडून मोजणी केली. विद्यार्थी चारशे बारा, किडके दात अकराशे सहा. (त्यातले नऊ मास्तरांचे. रांगेत उभे होते म्हणून मोजले गेले.) मग प्रत्येक पोराला एक हिरवा ब्रश मिळाला आणि वर्गाला पेस्टची एकेक मोठी नळी.

आता शाळेत वस्तू दोन जातींच्या असतात. वापरून संपते ती खर्ची, आणि परत द्यावी लागते ती जमा. खडू, शाई खर्ची. घंटा, नकाशा, हार्मोनियम जमा. पेस्ट खर्चीत गेली आणि पंधरा दिवसांत खर्ची पडली. (कुठे, ते विचारायचं नसतं. हेडमास्तर श्यामसुंदर सरांचे दात त्या वर्षी बरे दिसत होते.) ब्रश मात्र कारकुनाने हार्मोनियमच्या खालच्या ओळीत लिहिले. म्हणजे एप्रिलमध्ये चारशे बारा ब्रश चांगल्या स्थितीत परत करणे आले. प्रत्येकाच्या दांड्यावर तापल्या सळईने नंबर उठवला. श्यामसुंदर सरांनी पालकांची सभा घेऊन सांगितलं, "ब्रश खराब झाल्यास पालक जबाबदार राहतील. दातांचं बघून घेऊ."

सभेत दंतनिगा माता समिती निघाली आणि नातीसाठी गेलेली मी तिची अध्यक्ष झाले. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण नळावरची रांग माझ्या एका हाकेत सरळ होते हे सरांना माहीत होतं. मी पहिल्याच दिवशी नियम केला. ज्या घरातला ब्रश वापरलेला सापडेल त्या घराचं नाव शाळेच्या फळ्यावर लिहिलं जाईल, आठ दिवस.

आमच्या वस्तीतल्या बायका नवी वस्तू कशी जपतात ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. कोणी ब्रश तांदळाच्या डब्यात पुरला, कोणी देव्हाऱ्यात ठेवून त्याला कुंकू लावलं. समोरच्या शेवंतीने तो लेकीच्या पैंजणांबरोबर उशीच्या अभ्र्यात शिवला. एक ब्रश तर कणकवलीला आजोळी ठेवायला गेला, मुंबईत चोऱ्या फार म्हणून. पोरं पूर्वीसारखीच राखुंडीवर बोट फिरवत होती, लक्षात राहील तेव्हा. दर शनिवारी प्रार्थनेनंतर ती ब्रश उंच धरून उभी राहायची आणि मी रांगेतून फिरायचे. तोंडं बघत नव्हते. रजिस्टरात तोंडाचा रकाना नव्हता.

आमच्या घरचा ब्रश म्हणजे नात माणिकचा, नंबर एकशे त्र्याहत्तर. तो माझ्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत. शनिवारी सून सुलक्षणा तो काढून माणिकच्या हातात द्यायची. अध्यक्षांच्या घरचा म्हणून त्याच्याकडे मी कधी निरखून पाहिलं नाही. हीच चूक झाली.

शेवटच्या तपासणीला चार दिवस राहिले तेव्हा मी सगळ्यांना दाखवायला नमुना म्हणून पेटी उघडली. ब्रश ओला होता. त्याचे केस वाऱ्याने भात आडवं पडावं तसे चारी बाजूंना पडले होते.

"सुलक्षणा, इकडे ये. हा ओला कसा?"

सुलक्षणाने स्टोव्हची पिन शोधायला घेतली. "माणिकला विचारा."

"मी दात घासते, आजी," माणिक म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. रोज दोनदा."

"पुस्तकात माणूस चंद्रावर गेलेला पण आहे. तू जातेस काय? कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून. आई पाणी देते."

म्हणजे माझ्याच घरात पाच महिने उघड्या डोळ्यांनी दात घासले जात होते, आणि मी शेवंतीला फक्त ओल्या फडक्याने ब्रश पुसला म्हणून चार बायकांत बोलले होते. फळ्यावर माझ्या घराचं नाव. त्यानंतर नळावर मला कोण विचारणार?

उपाय सगळे केले. ब्रश वाफेवर धरला, उवांच्या फणीने विंचरला, खोबरेल लावून पाट्याखाली दाबला. केस उठले, पण सगळे एकाच बाजूला मान वळवून. लेक दशरथ साकीनाक्याला कारखान्यात लेथवर आहे. तो म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस, आये? दुकानातून तस्साच ब्रश आण, नंबर मी मारून देतो." मी म्हटलं, मी अध्यक्ष आहे, असली लबाडी माझ्या घरात चालणार नाही. (शिवाय त्याने सात उलटा कोरला.)

तपासणीच्या दिवशी टेबलावर चारशे बारा ब्रश ओळीने मांडले होते. दुकानातसुद्धा इतके नवे दिसत नाहीत. डॉक्टर शुभाबाई एकेक बघत आल्या आणि थांबल्या.

"हा एकच वापरलेला दिसतोय. कोणाचा?"

सरांनी रजिस्टर उघडलं आणि घसा साफ केला. शेवंती मागून म्हणाली, "एकशे त्र्याहत्तर म्हणजे अध्यक्षांकडचाच ना गो?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माणिकने माझ्या निऱ्या मुठीत धरल्या.

"तो मी वापरला," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"का, मला दात नाहीत?"

"आ करा बघू." मी केला. बाईंनी मोजले. "चार आहेत. आणि हे काळं काय?"

"मिश्री. पंचेचाळीस वर्षांची."

"आजी, या दातांना ब्रश कधी लागलेला नाही."

"मग तुमच्या ब्रशाने काही निघत नाही, असं लिहून घ्या."

त्यांनी लिहिलं नाही. माणिकला पुढे घेतलं, तोंड उघडायला लावलं, बॅटरी मागवली आणि परत बघितलं. "बाळ, तू दातांना काय करतेस?"

माणिक माझ्याकडे बघत राहिली. आता इतक्या बायकांसमोर काय बोलायचं ते मला ठरवायचं होतं.

"सांग," मी म्हटलं. "खरं ते सांग."

"घासते."

मोहिमेच्या दहा महिन्यांत हा शब्द बाईंच्या कानावर पहिल्यांदाच पडला असावा. त्यांनी तो वहीत लिहून घेतला.

नियम म्हणजे नियम. सर म्हणाले, "मुलगी लहान आहे, जाऊ द्या." मी म्हटलं, पेटी माझी आहे, माझं नाव लिहा. फळ्यावर लिहिलं गेलं: रत्नप्रभा गुणाजी परब, शासकीय ब्रश दात घासण्यासाठी वापरला. तिसरीतून मला काढलं तेव्हा हजेरीपटात मी नुसती रत्नी होते. आठ दिवस रेशनला जाताना मी वाट वाकडी करून ते नाव वाचून यायचे. अक्षर छान होतं.

निकाल असा. किडके दात जूनमध्ये अकराशे सहा, एप्रिलमध्ये तेराशे एक्याण्णव. खराब ब्रश एक. ब्रश जपण्यात पूर्व उपनगरांत आमचा दुसरा नंबर आला. पहिला मुलुंडच्या एका शाळेचा, त्यांनी खोकीच उघडली नव्हती. माणिकच्या नावापुढे किडके दात शून्य लागले. एवढा फरक म्हणजे मोजणीत चूक असणार, असं ठरवून ऑफिसने तिचं नाव वगळलं.

मी तिला नाक्यावरून लाल ब्रश आणून दिला. त्याला नंबर नाही, म्हणून तो वापरता येतो.

तुम्ही हसताय, ठीक आहे. लग्नात आलेला कपबश्यांचा सेट तुमच्या शोकेसमध्ये लेबलासकट आहे, आणि पाहुणे आले की चहा कान तुटलेल्या कपातून जातो. नव्या सुटकेसचं प्लॅस्टिक फाटू नये म्हणून तुम्ही त्यावर कापडी गलेफ शिवलाय. माझ्या घरात निदान एक चोर निघाली. तुमच्याकडे सगळी माणसं प्रामाणिक दिसतात.