रुसवा : वीसपैकी वीस

काल्पनिक माणसे रचत बसण्यापेक्षा घरातलीच वापरावीत, हा निर्णय तपासनिसाने एका रविवारी सकाळी, दुसऱ्या चहाच्या अगोदर घेतला. निर्णय इतका लहान होता की तो आपण घेतला आहे, हेही त्याच्या पुरते ध्यानात आले नाही.

तो वजनमापे खात्यात होता. दुकानांतले तराजू तपासायचे, खोटी वजने जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा, हे त्याचे काम. दिवसभर अशी लोकांची मापे काढून घरी आल्यावर तो विरंगुळा म्हणून संगणकावर एक खेळ खेळे. त्या खेळात मध्ययुगातले एखादे सरदारघराणे हाती घ्यायचे, सोयरिकी जुळवायच्या, वारस वाढवायचे, शेजाऱ्यांचे किल्ले बळकावायचे आणि दोन-तीनशे वर्षांत सिंहासनापर्यंत पोहोचायचे. (साखरेचा डबा कोणत्या फळीवर असावा, याबाबतही ज्याचे मत विचारले जात नाही, त्याला असा खेळ का आवडावा, हे निराळे सांगायला नको.)

खेळ तयार करणाऱ्यांना जे सुचले नाही, ते हौशी खेळाडू स्वतः रचून खेळाला जोडतात. या जोडकामाला सगळे ‘मॉड’ म्हणतात. तपासनीस ‘पुरवणी’ म्हणे, कारण शब्दही तो तोलूनमापून वापरी. त्याच्या पुरवणीचे इंटरनेटवर एक पान होते आणि देशोदेशीचे खेळाडू त्यावर आपल्या मागण्या नोंदवीत. राणीला मांजर पाळता यावे. हरलेल्या सरदाराची मिशी उतरवता यावी. तपासनीस प्रत्येकाला नम्र उत्तर देई आणि चार दिवसांत मागणी पुरी करी. (न्हाणीघराची कडी सैल झाल्याची तक्रार त्याच्या बायकोने सात महिन्यांपूर्वी केली होती, पण ती तोंडी होती.)

त्या रविवारच्या महिनाभर आधी एक मागणी आली. “मेजवानीत सरदाराला त्याच्या योग्यतेहून खालचे आसन मिळाले, तरी या खेळात काहीच घडत नाही. हे वास्तवाला धरून नाही.”

ती वाचून तपासनिसाने दीर्घ श्वास सोडला. त्याच्या घरात हे वास्तव दोन वर्षे मुक्कामाला होते.

दोन वर्षांपूर्वी नव्या घरात पहिले जेवण झाले, तेव्हा माणसे सहा होती आणि खुर्च्या पाच. ऐन वेळी तपासनिसाने माळ्यावरून एक स्टूल काढले. ते कोणाच्या वाट्याला जाईल याचा विचार त्याने केला नव्हता. ते गेले सासऱ्यांच्या वाट्याला. सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षे त्यांनी बोर्डाचे पेपर तपासले आणि एकाही विद्यार्थ्याला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. ते स्टुलावर ताठ बसले, “मला चालतं,” एवढेच म्हणाले, जेवले आणि गेले. त्यानंतर प्रत्येक आमंत्रणाला त्यांचे एकच उत्तर येई : “प्रकृती उत्तम. काळजी नसावी.” सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत. त्यामुळे हे वाक्य आले की तपासनिसाची बायको फोन पालथा ठेवी आणि उरलेली संध्याकाळ कोणाशी बोलत नसे.

तेव्हा रुसव्याबद्दलचे ज्ञान त्याच्यापाशी आयते होते. या वेळी चार दिवस नव्हे, तीन आठवडे खपून त्याने ‘रुसवा’ नावाचा नवा गुण रचला. मानभंग झालेला सरदार युद्ध पुकारीत नाही. तो फक्त येईनासा होतो. त्याची समजूत घालायला दूत पाठवावे लागतात, आणि दूत जितके जास्त, तितका रुसवा वाढतो. आता हे सारे चालवून पाहण्यासाठी एक घराणे हवे होते. मनाने रचलेली माणसे फार समजूतदार निघतात, असा त्याचा अनुभव होता. म्हणून त्या रविवारी त्याने नावांच्या जागी सरळ नाती लिहिली : सासरे, मुलगी, मेहुणा, जावई. सासऱ्यांच्या चित्रात डाव्या भुवईवर तीळही काढला. मग वीसपैकी गुण दिले. सासरे : विद्वत्ता चौदा, औदार्य पाच, रुसवा वीस. जावई : विवेक अठरा.

चाचणी उत्तम झाली. आता हे घराणे पुसायचे आणि मग पुरवणी प्रसिद्ध करायची, एवढे उरले होते. तेवढ्यात बायको धावत खोलीत आली.

“अहो, बाबांचा फोन. शनिवारी येतायत. आठ दिवस राहणार म्हणाले.”

दोन वर्षांत तिचा असा चेहरा त्याने पाहिला नव्हता. आनंदाच्या भरात उठता उठता त्याने ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दाबले.

बुधवारी तपासनीस एका दुकानात तराजू तपासत असताना मेहुण्याचा फोन आला. मेहुणा गुरांचा डॉक्टर. जनावरांखालोखाल त्याला या खेळाचे वेड.

“भाऊजी, बाबांना एवढी जहागीर कधी दिलीत?”

“कोणाच्या बाबांना?”

“आमच्या. भुवईवर तीळ आहे. मेजवानीचं बोलावणं धाडलं तर उत्तर आलं, ‘प्रकृती उत्तम. काळजी नसावी.’ मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.”

तपासनिसाने समोरच्या तराजूचा आधार घेतला. काटा साडेतीन किलोवर गेला.

“कोणाला बोललास?”

“अजून नाही.”

“अजून म्हणजे?”

“शनिवारी बाबांना मीच आणतोय. चार तासांचा रस्ता. काहीतरी विषय निघणारच ना.”

“गुरांचा काढ.”

“गुरांचा पंधरा मिनिटं पुरतो.”

“अरे, दोन वर्षांनी येतायत ते. तुझ्या ताईने पडदे धुतलेत, खुर्च्या आणल्यात. हे त्यांच्या कानावर गेलं तर दारातूनच परत फिरतील.”

“मी काही बोलणार नाही, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “पण माझ्या पोटात काही राहत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.”

घरी येऊन तपासनिसाने मागण्यांचे पान उघडले. तीनशे नव्या नोंदी होत्या. परदेशी खेळाडूंना ‘सासरे’ हे एखाद्या प्राचीन कुळाचे नाव वाटले होते. “सासरे महाराजांचा रुसवा अप्रतिम,” एकाने लिहिले होते. दुसरा म्हणत होता, “माझी सगळी फौज एका म्हाताऱ्याची समजूत घालण्यात गुंतली आहे. असा आनंद मला कोणत्याही लढाईत मिळाला नाही.”

घराणे पुसावे, तर हजारो लोकांचे चालू डाव कोसळले असते. म्हणून त्याने मधला मार्ग काढला. (मधला मार्ग काढून तो आजवर ज्या ज्या खड्ड्यांत पडला, त्यांची यादी बायकोला पाठ होती.) त्याने सुधारित आवृत्ती काढली. सासरे : औदार्य एकोणीस, रुसवा दोन. आता कोणी दाखवलेच तर दिसेल एक दिलदार, हसतमुख राजा. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

शनिवारी अकरा वाजता सासरे आले. पाठ असलेल्या, हात असलेल्या, गादी असलेल्या खुर्चीत बसले. बायकोने चहा दिला. त्यांनी घोट घेऊन साखर बेताची असल्याचे सांगितले, आणि हे त्यांचे वाक्य गेल्या दोन वर्षांतल्या वाक्याहून निराळे असल्यामुळे तिचे डोळे भरून आले.

मेहुण्याने चार तास तोंड मिटून ठेवले होते. चहा घशाखाली उतरताच ते उघडले.

“बाबा, तुम्हाला कल्पना नाही, पण परदेशात तुमचे चाहते आहेत.”

“कशाबद्दल?” सासरे म्हणाले.

“कशाबद्दल?” बायको म्हणाली, पण तिने हे भावाला नव्हे, नवऱ्याकडे पाहून विचारले.

तपासनिसाने लॅपटॉप आणला. मन निर्धास्त होते. सुधारित आवृत्ती तयार होती. खेळ काय, पुरवणी काय, गुण कसे, हे त्याने थोडक्यात सांगितले. सासऱ्यांनी चष्मा बदलला आणि उत्तरपत्रिका पाहावी तसे पडद्याकडे पाहिले.

“भुवई बरी आहे. औदार्य एकोणीस.” ते थांबले. “हे खोटं आहे.”

“नाही बाबा, अगदी मनापासून—”

“तुमच्या लग्नात मी भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. चालतं का?”

“नाही.”

“दिलं तेव्हाही चालत नव्हतं. पुढे. विद्वत्ता चौदा, ठीक. रुसवा दोन.” त्यांनी चष्मा काढला. “दोन कितीपैकी?”

“वीसपैकी,” तपासनीस अभिमानाने म्हणाला.

“दहा टक्के.”

बायकोचा हात कपावरच थांबला. “बाबा, खेळ आहे तो.”

“खेळ असो नाहीतर परीक्षा असो. दोन वर्षं, एक महिना, अकरा दिवस मी या घराचा उंबरा चढलो नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तुला कळवलं नाही. शेजारच्या खानावळीतलं जेवलो, पण तुझ्या हातचं मागितलं नाही. अर्धवट काम मी आयुष्यात केलेलं नाही. आणि त्याचे हे दोन गुण?” ते खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. “माझी बॅग कुठे ठेवलीय?”

बायको बॅगेकडे पाहत होती. बॅग अजून दारातच होती, तिचा पट्टाही सोडलेला नव्हता. गुडघ्याचे तिला आजच कळत होते.

“बाबा, आधी वीस होते,” मेहुणा म्हणाला. “भाऊजींनी खाली आणले. बुधवारी.”

सासरे वळले. “का?”

आता मधला मार्ग उरला नव्हता. “तुम्ही पुन्हा रुसाल म्हणून,” तपासनीस म्हणाला.

सासऱ्यांनी या उत्तराची उभ्याउभ्याच मनात फोड केली.

“म्हणजे मूळ मूल्यमापन वीस.”

“हो.”

“पैकीच्या पैकी.”

“हो.”

“आणि मग भीतीपोटी तुम्ही गुण फिरवलेत. वजनमापे खात्यातला माणूस.”

“चुकलं, बाबा.”

“चुकलंच.” ते सावकाश खाली बसले. “पूर्ववत करा. माझ्यासमोर.”

तपासनिसाने दोनाचे वीस केले. सासऱ्यांनी चष्मा पुन्हा चढवला, आकडा चष्म्यातून पाहिला, मग चष्म्यावरून पाहिला आणि म्हणाले, “मी कोणाला दिले नसते. पण परीक्षकाने दिलेच असतील तर आपण काय बोलणार.” मग लेकीकडे वळून, “पोरी, चहा अजून आहे का?”

बायको बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवून आली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच राहिली. पाण्याच्या आवाजामागे ऐकू येत होते ते हसणेच आहे, असे तपासनिसाने ठरवले. छातीवरून कोणी पाच मणांचे वजन उचलून नेल्यासारखे त्याला वाटले.

“हा जावई कोण?” सासऱ्यांनी विचारले. “विवेक अठरा. कोणी तपासलं हे?”

“मीच.”

“स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासलीत?” त्यांनी कळफलक आपल्याकडे ओढला. “सहा. तेही सवलतीचे धरून.”

सासरे आठ दिवसांसाठी आले होते. बाविसावा दिवस उजाडला तरी जाण्याचे नाव नव्हते. सकाळी फिरून आले की ते लॅपटॉपपुढे बसत आणि दुपारी लेकीने जेवायला बोलावले की दूतामार्फत बोलावण्याचा आग्रह धरीत. दूत म्हणून मेहुणा नसेल तर तपासनीस जाई. घरात पुन्हा आवाज होते, वादावादी होती, चहाचे कप मोजण्यापलीकडे गेले होते. बायको काम करताना गुणगुणत होती. तपासनिसाचे संगणकावरचे राज्य गेले, पण त्याची त्याला तिळमात्र खंत नव्हती.

तेविसाव्या दिवशी सासऱ्यांनी रीतसर, योग्य त्या पानावर, आपली पहिली मागणी नोंदवली. “विवाहास दहा वर्षे उलटूनही जावई घराण्यास उपयुक्त ठरला नसेल, तर त्यास सन्मानपूर्वक परत पाठवण्याची सोय असावी.” संध्याकाळपर्यंत तिला दोनशे सहा जणांनी दुजोरा दिला. त्यातला एक दुजोरा याच घरातून, स्वयंपाकघरातल्या फोनवरून गेला होता. बायकोने तिथे खाते कधी उघडले, हे विचारणे तपासनिसाने टाळले.

मागणी ती मागणी. चार दिवसांत त्याने सोय तयार केली. चाचणीसाठी जावई हवा होता, आणि हाताशी एकच होता. सासऱ्यांनी बटण दाबले. जावई एक घोडा आणि एक घोंगडी घेऊन किल्ल्याबाहेर पडला, आणि घराण्याचे स्थैर्य सात अंकांनी वाढले.

आकडेमोडीत कुठेतरी चूक असणार, म्हणून तपासनिसाने पुन्हा चालवून पाहिले. पुन्हा सात. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनी घोडा मागे ठेवून घेतला, तेव्हा नऊ.