गयाआत्याचा फ्रान्समधला रामराम

माझी गयाआत्या कुठल्याच गावातून गुपचूप पुढे जाऊ शकत नाही. परभणीहून येलदरीला जीपने निघालो की वाटेतल्या प्रत्येक गावात ती ड्रायव्हरच्या खांद्याला बोट टोचते, "थांबव रे जरा." मग खाली उतरून पारावरच्या म्हाताऱ्याला, हापशावरच्या बाईला, कोणीच नसलं तर टपरीवाल्याला रामराम घालते. "बरं हाय न्हवं? लेकरंबाळं खुशाल?" ओळखपाळख काडीची नाही. मी चिडलो की म्हणते, "तोंड चुकवून जायला आपन काय चोर हाव का?" एकदा वाटेत एका गावात लग्न होतं. ती आहेर करून, जेवून आली. जीपमध्ये आम्ही नऊ जण उपाशी.

आत्या चुडाव्याला एकटीच राहते. जन्म मेंढरांमागे गेला. आता मेंढरं विकली, दोन शेळ्या तेवढ्या दारात आहेत. तिचा एकुलता एक माणिक इंजिनिअर होऊन फ्रान्सला गेला, तो चार वर्षं गावाकडे फिरकला नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्याने आईला बोलावलं. "येकली न्हाई येनार," ती म्हणाली, म्हणून त्याने दोन तिकिटं पाठवली. मी परभणीत शाळामास्तर, रजा शिल्लक होती. माझ्यासारख्या माणसाने फ्रान्स पाहिला तो असा, आत्याच्या हट्टापायी. त्याबद्दल तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

माणिकने भाड्याने गाडी घेतली होती. "मोठी शहरं नकोत. खेड्यापाड्यांतून निवांत फिरू," तो म्हणाला. आईचं निवांत फिरणं कसं असतं, ते तो बहुधा विसरला होता.

पहिल्याच गावात आत्याने त्याच्या खांद्याला बोट टोचलं. नऊवारीवर माणिकचं फुगीर जाकीट, कानटोपी, मोज्यांवर चपला अशी ती पावाच्या दुकानात शिरली आणि हात जोडून म्हणाली, "रामराम मंडळी!" रांगेतल्या पाचही जणांनी वळून "बोंझूर" म्हटलं. तिथे दुकानात शिरताना सगळ्यांना बोंझूर म्हणायची रीतच आहे. आत्या खूश. "बघ, कशी रीतीची मानसं हायती. आन तू म्हनतो गप ऱ्हा."

पुढच्या गावात बाजार भरला होता. एकाने तिला शेळीच्या दुधाचं चीज चाखायला दिलं. तिने डोळे मिटून चघळलं. "दूध नासलंय ह्यांचं," मला म्हणाली, आणि त्याच्यापुढे पुन्हा हात केला. "पर चव लय बेस हाय."

पण थंडीत तिकडची बरीचशी खेडी निजल्यासारखी असतात. दारंखिडक्या बंद, चर्चपुढच्या चौकात चिटपाखरू नाही. अशा एका गावात आत्या बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग रानात मेंढरांना घालायची तसली हाळी घातली, "कोनी हाय का गावात?"

माणिकला धरणी दुभंगावी असं झालं. "आई, पोलीस बोलावतील!"

तेवढ्यात वर एक खिडकी उघडली. एका आजोबांनी डोकं बाहेर काढून पाहिलं आणि हात हलवला. आत्यानेही हलवला. "झालं. चला आता," म्हणाली आणि गाडीत येऊन बसली.

चौथ्या दिवशी दुपारी डोंगराळ भागात एका गोठ्याजवळ आम्ही चहाला थांबलो. थर्मासचा चहा ओतत होतो, तोच आतून मेंढीचा आवाज आला. आत्याने कप तसाच बॉनेटवर ठेवला.

"मेंढी अडलीय."

"आई, ते लोकांचं घर आहे!" माणिक म्हणेपर्यंत ती आत गेली होती. आम्ही मागे धावलो. गवतात एक म्हातारी बाई गुडघे टेकून बसली होती, हात रक्ताने भरलेले, तोंडावर भीती. जनावरांचा डॉक्टर तासाभराने येणार होता, एवढं माणिकने विचारून घेतलं. तोवर आत्याने जाकीट काढलं, बादलीत हात धुतले, बांगड्या वर सारल्या आणि त्या बाईला खांद्याने हळूच सरकवलं. तीही मुकाट सरकली.

"पाय मागं मुडपलाय लेकराचा," आत्या पुटपुटली. मग मेंढीशी बोलू लागली, "दम धर माय, झालंच, झालंच." पिल्लू तिने थोडं आत लोटलं, बोटांनी पाय सरळ केला आणि मेंढीच्या कळेबरोबर ओढून घेतलं. पिल्लू बाहेर आलं ते निपचित. आत्याने त्याचं नाक पुसलं, फुंकर घातली, गवताने खसाखसा चोळलं. माणिकने माझा दंड घट्ट धरला होता. शेवटी ते शिंकलं आणि बारीक आवाजात ओरडलं.

म्हातारीने आत्याला मिठीच मारली. मग आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन गरम सूप वाढलं. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि बाजारात मेंढरं जोखावीत तशा एकमेकींचे हात उलटेपालटे करून पाहत होत्या.

निघताना आत्या दारात अडली. "मानिक, हिचं नाव इचार."

"कशाला आई? आता उशीर होतोय."

"आधी नाव इचार." तिचा आवाज एकाएकी चढला, मग लगेच बसला. "तुझ्या येळंला माझ्याकून ऱ्हायलं इचारायचं."

आत्या उंबऱ्याकडे पाहत म्हणाली, "तुझा बाप मेंढरं घेऊन म्होरं गेला हुता. जिंतूरच्या वर येका गावात मला कळा लागल्या. असाच गारठा. तिथली येक बाई मला घरात घेऊन गेली. बारा दिस तिनं मला शेकलं, तुला न्हाऊ घातलं. मी तिला बाई, बाईच म्हनत ऱ्हायले. दुसऱ्या साली लुगडं घेऊन गेले, तर घराला कुलूप. शेजारी म्हनले, बिऱ्हाड उठलं, मुलखात कुटंतरी गेलं. आता ती कोन्या गावात हाय, कसं कळावं? म्हनून समद्याच गावांत इचारपूस करते."

चाळीस वर्षांत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

माणिकने त्या बाईला तिचं नाव विचारलं. "ज्यानीन," ती म्हणाली. "जानीन," आत्याने म्हणून पाहिलं, "जानकीच की." मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "गया." ज्यानीनबाईने ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा अगदी बरोबर.

गाडी बराच वेळ घाट उतरत होती. मग माणिक म्हणाला, "आई, येत्या जानेवारीत मी गावाकडं येतो. त्या गावाला जाऊ."

"आता कोन असंल तिथं?"

"कोणी नसू दे. जुने शेजारी असतील. तिचं नाव तरी विचारून येऊ."

आत्याने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने म्हणाली, "रस्त्याकडं बघून चालव."