चार दोऱ्यांचा एक गुंडा

त्या शुक्रवारी दुपारी मी फक्त स्कूटर पुसायचं ठरवलं होतं. काही नवं करून दाखवायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. नवं करायला मी घाबरते, आणि रोजचं करतानाही धास्ती असतेच. (कुकर मीच लावलेला असतो, शिट्टी होणार हे मला ठाऊक असतं, तरी शिट्टीला मी दचकते. एम.ए. झाल्यानं त्यात काही फरक पडला नाही.)

लग्न होऊन मोहाडीला आले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. घरात माझ्याशिवाय माणसं दोनच, नवरा आणि सासूबाई. पण स्कूटरी तीन. माझ्या नवऱ्याचं, अंकुरचं, तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान बंद झालं की उरलेलं आयुष्य तो जुन्या स्कूटरींमध्ये जीव घालण्यात घालवतो. अंगणातल्या तिघींपैकी एक नुसतं धड होती, दुसरी नुसतं इंजिन. तिसरी मात्र अख्खी होती, आणि ती माझ्या बाबांची होती.

बाबा, म्हणजे चंद्रभान, लाखांदूर तालुक्यात ग्रामसेवक होते. चौऱ्याऐंशी सालची ती स्कूटर त्यांनी नंबर लावून, पाच वर्षं वाट पाहून घेतली होती. तिच्या हँडलला धरून, बाबांच्या पुढ्यात उभी राहून मी शाळेत गेले. बाबा रिटायर झाले तशी तीही झाली, गोठ्यात उभी राहिली, आणि कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या. अंकुर मला बघायला आला तेव्हा पोहे खाऊन जो गोठ्यात गेला तो अर्धा तास बाहेर आला नाही. (आमच्या घरातलं त्याला नेमकं काय पसंत पडलं, हे मी अजून विचारलेलं नाही.)

लग्नानंतर मीच बाबांच्या मागं लागून ती टेम्पोत घालून आणवली. "हे नीट करतात, तुम्ही बघाच," असा शब्द दिला. त्यानंतर दर रविवारी बाबांचा फोन यायचा आणि अंकुर म्हणायचा, "बाबा, आता फक्त केबल राहिल्या." शेवटी बाबांनी सांगून टाकलं, "ह्या रविवारी मीच येऊन राहिलो. चालली तं तुमची. नाही चालली तं तिथल्याच भंगारवाल्याले देऊन मोकळा होतो. माया जिवाले रोजचा घोर नाही पाह्यजे."

बाबा बोलले की करतात. मोहाडीच्या चिंधू भंगारवाल्याला त्यांनी फोन करून रविवार, दुपारी बारा अशी वेळही देऊन टाकली.

तर तो शुक्रवार. अंकुर केबल आणायला नागपूरला गेला होता. बाबा येणार म्हणून मी फडकं घेऊन स्कूटरीपाशी बसले, आणि मला दिसलं, की हँडलखालच्या भोकातून चार दोरे लोंबताहेत. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा.

आता आमचं घर विणकरांचं. सासूबाई, कौशल्याबाई, अजून रोज हातमागावर बसतात. पुढची अर्धी खोली मागानंच भरलेली. दोरा पायात येतो, केसात येतो, एकदा वरणात आला. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मी वीतभर रेशीम केरात टाकलं होतं. सासूबाईंनी केराच्या टोपलीत हात घालून ते काढलं, झटकलं आणि माझ्यादेखत परत डब्यात ठेवलं. त्या दिवसापासून दोरा दिसला की माझा हात आपोआप जातो.

तसा तो गेला. लाल दोरा ओढला. तो आला, आणखी आला, येतच राहिला. एवढं लोखंडाचं धूड, आणि पोटात हे मऊ रेशीम. मी अगदी थक्क होऊन ओढत होते. चारही निघाले. मी त्यांचा एक सुबक गुंडा केला आणि सासूबाईंना नेऊन दिला.

"रेशीम आहे व हे. कुठं सापडलं तुले?"

"अंगणात."

त्यांनी गुंडा हातावर तोलला. "पोरगी संसाराची निघाली," त्या मागाकडे बघून म्हणाल्या. आठ महिन्यांतलं हे पहिलं शाबासकीचं वाक्य. संध्याकाळपर्यंत मी जमिनीवर नव्हते.

संध्याकाळी अंकुर केबलांचं वेटोळं गळ्यात घालून आला. स्कूटरीपाशी वाकला. मग उकिडवा बसला. मग पलीकडून वाकला.

"करुणा, इथले दोरे?"

"गुंडाळून ठेवले," मी म्हटलं. (कबूल करते, थोडं लाडात म्हटलं.)

तो खालीच बसला, विटेवर. ओरडला असता तर मी दचकून मोकळी झाले असते. पण तो अगदी हळू आवाजात समजावून सांगायला लागला, आणि ते फार वाईट असतं. क्लचची केबल, दोन गिअरच्या, एक एक्सिलेटरची, अशा चार केबल हँडलपासून स्कूटरच्या पोटातून खाली इंजिनापर्यंत जातात. आतला रस्ता अंधारा आणि वाकडा. म्हणून जुनी केबल काढताना तिच्या शेपटीला दोरा बांधतात. केबल बाहेर येते, दोरा आत राहतो. मग नवी केबल त्या दोऱ्याला बांधायची आणि दुसऱ्या बाजूनं ओढायची.

"तो दोरा नव्हता, करुणा. तो रस्ता होता."

आणि मी तो रस्ता गुंडाळून सासूबाईंना दिला होता.

"मग मागून आणू का?"

"नको नको," तो घाईनं म्हणाला. "ते रेशीम मी आईच्या डब्यातून न विचारता घेतलं होतं." (म्हणजे घरात आता गुन्हेगार दोन होते आणि रेशीम मूळ मालकाकडे पोचलं होतं.)

शनिवारी त्यानं दुकान उघडलंच नाही. सायकलच्या ब्रेकची तार हँडलखाली घातली, ती मागच्या चाकापाशी निघाली. दुसऱ्यांदा स्टँडपाशी. तिसऱ्यांदा ती आत बराच फेरफटका मारून जिथून गेली तिथूनच बाहेर आली आणि अंकुरच्या नाकाला लागली. इंजिनाकडे ती जाईचना. मी शेजारी टॉर्च धरून उभी होते. तार हलली की मी दचकत असल्यामुळे उजेड सगळीकडे पडत होता, फक्त भोकात नाही.

रविवारी साडेदहाच्या एस.टी.नं बाबा आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी क्लचचा दांडा दाबून पाहिला. तो लुळा पडला.

"काय राहिलं, जावईबापू?"

"केबल," अंकुर म्हणाला.

"आठ महिन्यांपासून केबलच राहून राहिल्या का? कुठली केबल आहे बाप्पा ही, समुद्राखालून आणता काय?"

अंकुर मान खाली घालून उभा. माझं नाव सांगितलं असतं तर सुटला असता. सांगितलं नाही. बाबांनी सीटवरून हात फिरवला, कोंबडीनं फाडलेली जागा त्यांना बोटांनीच सापडली, आणि ते दुसरीकडे बघायला लागले. पावणेबाराला चिंधू हातगाडी आणि दोरखंड घेऊन दारात हजर झाला.

"हेच का काका माल?" त्यानं विचारलं.

बाबांनी नुसती मान हलवली.

आणि तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली.

मी इतकी दचकले की सगळं खरं बोलले. एका दमात. दोरे मी काढले, ह्यांची चूक नाही, रेशीम आईंच्या डब्यातलं होतं, अंगणात सापडलं ते खोटं, चारही रस्ते मीच गुंडाळले. चिंधूनं सहानुभूतीनं दोरखंड खाली ठेवला.

सासूबाई दाराच्या आत, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात, विहिणीला ईनबाई, आणि ईवायासमोर त्या कधी पुढं होत नाहीत. त्या उठल्या. माझी 'संसाराची पोरगी' संपली, असं मी मनाशी धरलं.

"दोरा एकदा गेला होता ना त्यातून?" त्यांनी अंकुरला विचारलं.

"केबलीच्या मागं बांधून गेला होता, आई."

"कसाही जावो. गेला होता ना? मंग पुन्हा जाईल. ह्या डबड्यात हवा कुठून कुठून शिरते ते दाखव मले."

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. मागावरून एक रिकामी कांडी आणली. कांडी म्हणजे बाण्याचं, आडवं सूत ज्यावर गुंडाळतात ती पोकळ नळी. एक बारीक रेशमाची लड आणली. टोकाला कापसाचा मुगाएवढा फुलोरा बांधला.

"कणीक भिजवली का व?"

"हो."

"आण लिंबाएवढी. जास्त नको, ईवाई जेवायचे आहेत."

इंजिनापाशी जिथं केबल निघायला हव्यात त्या तोंडात त्यांनी कांडी बसवली आणि भोवतीची फट कणकेनं लिंपली. मग माणसं वाटली. अंकुर वर, हँडलखाली, दोरा सोडायला. चिंधूकडे मागच्या चाकाची आणि स्टँडची अशी दोन भोकं, दोन्ही हातांनी. दिव्याचं मोठं खिंडार बाबांच्या तळव्यांखाली.

"आन् हे तुयं," म्हणून त्यांनी माझा अंगठा धरून सीटखालच्या एका भोकावर दाबला. "हलवला तं सगळं वाया जाईल. समजलं?"

मी श्वाससुद्धा हळू घ्यायला लागले.

"अंकुर, तुया सासऱ्याले म्हण, तोंड तिकडं करा."

बाबांनी तळवे तसेच ठेवून मान भिंतीकडे वळवली. "केलं, ईनबाई," ते भिंतीला म्हणाले.

मग सासूबाई पाटावर बसल्या, पदर सावरला, खाली वाकल्या आणि कांडीला ओठ लावून त्यांनी हवा ओढली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागावर कांडी संपली की त्या दर वेळी धोट्याला, म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीला, तोंड लावतात. आठ महिने मी समजत होते की त्या धोट्याचा मुका घेतात. जुन्या माणसांची आपल्या अवजारावर माया असते, असं मी माहेरी फोनवर सांगितलंही होतं. त्या धोट्याच्या बारीक भोकातून दोरा ओढून घेत होत्या. चाळीस वर्षं, दिवसातून शेकडो वेळा.

पहिल्या दमाला काही झालं नाही. दुसऱ्या दमाला त्यांना जोराचा ठसका लागला आणि तोंडातून कुंभारमाशीच्या घराची माती निघाली. त्यांनी चूळ भरली.

"राहू द्या मावशी," चिंधू म्हणाला. तो माल न्यायला आला होता, पण बोटं त्यानं काढली नव्हती.

"तू भोकं सांभाळ, गा."

तिसऱ्या दमाला अंकुरच्या हातातली लड हलली.

"चालला," तो कुजबुजला. "आई, चालला. वीतभर गेला."

"बोलू नको. हवा जाते."

माझ्या नाकावर माशी बसली. मी बसू दिली. बाबांच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती. सासूबाईंनी एकदा मोठा श्वास सोडला, डोळे मिटले, आणि चौथ्यांदा ओढलं. इतकं, की त्यांचे गाल आत गेले आणि लड अंकुरच्या बोटांतून सुळकन निघून गेली. त्यांनी तोंड बाजूला केलं. कांडीच्या टोकाशी कापसाचा काळा झालेला फुलोरा उभा होता.

देवळात असतो तसा गारवा मला अंगणात, भर उन्हात जाणवला.

"एक गेला की झालं," त्या म्हणाल्या. "आता त्याच्या मागं चार बांध. आन् हिनं केलेला गुंडा घे, तो कामाचा आहे."

लाल, पिवळा, हिरवा, पांढरा पुन्हा आत गेले. त्यांच्या मागून केबल गेल्या. चिंधूनं ग्रीस लावून दिलं आणि आमच्याकडेच जेवला. तीन वाजता बाबांनी स्कूटर एका अंगावर आडवी केली, हलवली, उभी केली आणि किक मारली. सातव्या किकला ती अशी गरजली की मी तुळशीमागं गेले. पांढऱ्या धुरात बाबा दिसेनासे झाले. मग फाटकातून गेले, तहसीलपर्यंत जाऊन परत आले.

"दुसरा गिअर अडते थोडा," ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. धुरानं असतील. मग सासूबाईंकडे न बघता, पण त्यांच्या दिशेला हात जोडून म्हणाले, "जावयाची झाली गाडी. आता मी मागं बसून पाहतो."

चिंधू रिकामी हातगाडी ढकलत निघाला. जाताना त्यानं अंकुरला विचारलं, की त्याच्याकडे अशीच एक पडलेली आहे, आणून टाकू का. अंकुर हो म्हणाला. (सध्या स्कूटरी चार.)

त्या रात्री मला आनंदानं जेवण गेलं नाही. चूक माझी होती, पण ती निस्तरण्यात माझाही अंगठा होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शकुबाईंना मी सगळं अंगठ्यासकट दाखवलं. तो कसा दुखतो, कसा गोल वळ उठलाय, आणि मी हलले असते तर आज ती स्कूटर चिंधूच्या ढिगात कशी असती. शकुबाईंनी अंगठा हातात घेऊन पाहिला. फोनवर माहेरी सांगितलं. लाखांदूरला आमच्या गल्लीत माझ्या अंगठ्याचं नाव झालं.

बुधवारी अंकुर सीटचं कुलूप बसवत होता. मी अंगठ्यानं धरलेलं भोक त्याला दाखवलं.

"हे?" तो म्हणाला. "हे कुलपाचं आहे. मागून बंद आहे, आरपार नाही. ह्यातून कायची हवा जाते?" आणि त्यात स्क्रू पिळला.

मी आत गेले. सासूबाई मागावर होत्या. खटक् खटक् धोटा चालू होता.

"आई, ते सीटखालचं भोक आरपार नव्हतंच."

"नाही," त्या म्हणाल्या. माग थांबला नाही.

"मग मला काहून धरायला लावलं?"

त्यांनी कांडी बदलली, धोट्याला ओठ लावून दोरा ओढला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुये हात रिकामे ठेवाची माई हिंमत नाही झाली, बाई."