मंजूर सुरकुत्या

प्रसंग बारा सेकंदांचा होता. सात वर्षांनी मुलगी घरी येते, म्हातारा बाप खुर्चीतून उठतो आणि तिला मिठी मारतो. दोघंही संगणकात घडवलेले. बापाच्या सुती शर्टाची जबाबदारी स्टुडिओच्या वस्त्र विभागातल्या एका बाईंवर होती. त्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती, तरी सगळे त्यांना शिंपीणबाई म्हणत.

पहिल्या दिवशी बापाचं कोपर बाहीतून आरपार बाहेर आलं. शिंपीणबाईंनी ते आत घातलं, तर शर्ट पत्र्यासारखा ताठ झाला. तो मऊ केला, तर त्यावर एकेचाळीस सुरकुत्या पडल्या.

"प्रत्येक सुरकुतीला कारण हवं," विभागप्रमुख म्हणाले. "उगाच पडलेली सुरकुती वास्तववादात बसत नाही."

रीतसर समिती नेमली गेली. तीन आठवड्यांत सतरा सुरकुत्या मंजूर झाल्या, बाकीच्या नामंजूर. तज्ज्ञ म्हणून शिंपीणबाईंच्या मामांना बोलावलं. ते खरोखरचे शिंपी. त्यांनी चष्मा पुसून पडद्याकडे निरखून बघितलं.

"शर्ट झकास बसलाय, पोरी. पण म्हातारा श्वास कुठे घेतोय?"

"मामा, छाती हलली की सुरकुत्या सरकतात. मंजुरी जागेसकट मिळालीय."

मामांचा अभिप्राय 'विषयांतर' या शेऱ्यासह नोंदवण्यात आला.

राहता राहिली मिठी. मिठीत शर्ट चुरगळायचा आणि दोनशे नव्या सुरकुत्या पडायच्या. त्या दिवशी शिंपीणबाईंनी पहिल्यांदा आवाज चढवला.

"साहेब, त्या मिठीसाठीच तर हा प्रसंग आहे!"

"मग मिठी ठेवा ना," साहेब समजुतीने म्हणाले. "फक्त स्पर्श काढा."

चित्रपट लागला. बाप हात पसरून, श्वास रोखून, मुलीपासून हातभर अंतरावर उभा राहिला. सगळं थिएटर गहिवरलं. "काय कापड आहे हो! टाका न् टाका दिसतोय!"

मामांना राहवेना. ते उभे राहून ओरडले, "अरे, त्या पोरीला जवळ घ्या कुणीतरी!"

"आजोबा, खाली बसा," मागून कुणीतरी खेकसलं. "कॉलर दिसत नाहीये."

शर्टाला पारितोषिक मिळालं. ते घ्यायला शिंपीणबाई गेल्याच नाहीत.

हसताय? हसा. पण मागच्या समारंभाला निघताना, दोन्ही हात पसरून धावत आलेल्या लेकराला "थांब थांब, इस्त्री मोडेल!" असं कोण म्हणालं होतं? आणि तेही समिती न नेमता.