सावधानराव आत आहेत

सावधानराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, ऑफिसने ठेवलेलं. पण ते त्यांना इतकं आवडलं होतं की फोन उचलल्यावरही ते "सावधानराव बोलतोय" असंच म्हणत.

मशीन डिझाइन करणं हे त्यांचं काम. "अपघात कारखान्यात टाळायचा नसतो, कागदावरच टाळायचा असतो," असं ते मीटिंगमध्ये सांगत, जिन्यात सांगत आणि घरी बायको कुकर लावत असताना तिलाही सांगत. "आधी मशीन बनवायचं आणि मग त्यावर लाल रंगात 'धोका' लिहायचं, ही काय पद्धत झाली?" म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे कोणाला वादही घालता येत नसे.

त्यांचं नवं मशीन म्हणजे जड खोकी उचलून एकावर एक रचणारा लोखंडी हात. हाताभोवती जाळीचा पिंजरा, वरूनही बंद. दार स्प्रिंगने आपोआप लागणार आणि मोटरने उघडणार. आत माणूस दिसला की काहीही हलणार नाही. वीज गेली तरी दाराचं कुलूप पक्कं. जाळी इतकी बारीक की आत करंगळीसुद्धा जाणार नाही.

डिझाइन दाखवलं तेव्हा देखभाल विभागाच्या ताईंनी विचारलं होतं, "आत कोणी अडकलं तर?"

"अडकलं तर मशीन हलणार नाही. म्हणजे माणूस सुरक्षित."

"सुरक्षित आहे, पण अडकलाय ना?"

"ताई, तुम्ही फार पुढचा विचार करता," असं म्हणून सावधानरावांनी पुढचं पान उलटलं.

मशीन बघायला खोक्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. सोबत त्यांचे दीर. दिरांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. दोन जुन्या मशीनने घेतली होती आणि म्हणूनच बाई नवं मशीन शोधत होत्या. सावधानरावांनी तासभर माहिती दिली. दिरांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "तुम्ही स्वतः आत उभे राहाल?"

"का नाही?" सावधानराव म्हणाले. मोबाइल टेबलावर ठेवून ते आत गेले. मागे दार लागलं. सोबत उभ्या असलेल्या ऑफिसच्या साहेबांनी सुरू करायचं बटण दाबलं. हात तसूभर हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सावधानरावांनी जाळीआडून त्या मान झुकवून स्वीकारल्या.

मग साहेबांनी दाराचं बटण दाबलं. दारही हललं नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली: आत माणूस आहे. कोणतीही हालचाल होणार नाही.

"दार म्हणजे हालचाल धरलीय का तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

सावधानराव जरा विचारात पडले. "सरकतं म्हटल्यावर धरायलाच हवी."

म्हणजे माणूस बाहेर आल्याशिवाय दार उघडणार नव्हतं आणि दार उघडल्याशिवाय माणूस बाहेर येणार नव्हता. वीज बंद करून पाहिली. कुलूप पक्कं राहिलं, ठरल्याप्रमाणे. पिंजऱ्याचे नट आतल्या बाजूला होते, बाहेरून कोणी छेडछाड करू नये म्हणून. पाना बाहेर होता आणि तो जाळीतून जात नव्हता. कोणीतरी स्ट्रॉने चहा पाजायला आलं. "गरम चहा स्ट्रॉने पिऊ नये, तोंड भाजतं," असं म्हणून सावधानरावांनी तो परत पाठवला.

तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. त्यांची बायको होती. साहेबांनी उचलला.

"वहिनी, ते आत आहेत."

"आत म्हणजे?"

"म्हणजे... कोणी टाकलं नाही. आपण होऊन गेले."

"असं काय केलं त्यांनी?"

"सगळं त्यांनीच केलंय. सोडवायचे प्रयत्न चालू आहेत."

फोन बंद झाला. आपण नीट धीर दिला असं साहेबांना वाटलं.

आता त्यांना आणखी एक सुचलं. "सावधानराव, तुम्ही आतल्या त्या खोक्यांमागे लपा. वीज चालू करू. आत कोणी नाही असं मशीनला वाटेल आणि दार उघडेल."

सावधानरावांनी डोक्यावरच्या लोखंडी हाताकडे पाहिलं. दार उघडेल, पण हातही हलेल. ते बोलणार तोच दीर म्हणाले, "नको. आमच्या मशीनलाही असंच वाटलं होतं, आत कोणी नाही म्हणून."

सावधानराव जाळीतून त्या तीन बोटांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मशीनला बाहेरून नाही, आतून बघत होते.

ताई कटर घेऊन आल्या. सावधानरावांनी आतून त्यांना गॉगल घालायला लावला, हातमोजे घालायला लावले, आग विझवायचा सिलिंडर जवळ आणवला.

"आणि तुमचा गॉगल?" ताईंनी विचारलं.

तोही बाहेरच होता. मग त्यांनी एक रिकामं खोकं डोक्यावर पालथं घातलं आणि कोपऱ्यात पाठ करून बसले. जाळी कापून झाल्यावर ते तसेच, खोक्यासकट, रांगत बाहेर आले. त्याच वेळी बायको वकील भावाला घेऊन दारात पोचली. तिने त्यांना बुटांवरून ओळखलं.

"चेहरा झाकून का आणताय त्यांना?" वकील मेहुण्याने करड्या आवाजात विचारलं. त्याला समजावण्यात दुपार गेली.

मालकीणबाई जाताना म्हणाल्या, "मशीन घेऊ. पण आतून उघडेल असं करून द्या." दीर म्हणाले, "आणि चाचणीला तुम्हीच आत राहा."

दुसऱ्या दिवशी सावधानराव नवं डिझाइन घेऊन आपण होऊन ताईंकडे गेले. आतल्या बाजूला लाल कडी होती, वीज नसली तरी ओढून दार उघडणारी.

"छान," ताई म्हणाल्या. "पण आतला माणूस उभा राहू शकत नसेल तर?"

या वेळी त्यांनी पान उलटलं नाही. आणखी एक कडी जमिनीलगत काढली. पडलेल्या माणसाचा हात किती उंच पोचतो हे बघायला ते ऑफिसच्या फरशीवर उताणे झाले आणि डोळे मिटून एक हात वर केला. साहेब नेमके तेव्हाच आत आले. त्यांनी घाईघाईने फोन लावला आणि या खेपेला एकेक शब्द तोलून वापरला.

"वहिनी, घाबरू नका. ते गेलेले नाहीत."