अकरा नंबरचा दाखला

सालोमन मास्तर रोज सकाळी सात वाजता पाखरांची हजेरी घेतात. हजेरीपट, लाल पेन, चष्मा, सगळं रीतसर. उन्हाळ्यात मुळा धरणाचं पाणी उतरलं की फुगवट्यात वाळूचं एक बेट उघडं पडतं आणि त्यावर सुरय पक्षी अंडी घालतात. समुद्रपक्ष्यांचे हे भाऊबंद आमच्या कोरड्या मुलखात कशाला कडमडले, देव जाणे! मास्तर काठावरून दुर्बीण लावून ओरडतात, "एक नंबर! दोन नंबर! अकरा नंबर, मान वर!"

ते माझे हेडमास्तर. मी आता पंचावन्नाचा, पिठाची गिरणी चालवतो, तरी त्यांच्या लेखी अजून गणितात नापासच. त्यात शेजारी राहतो. गिरणी उघडायच्या आधी येऊन माझ्या मोटरसायकलवर मागे बसतात. "चल रे, घंटा झाली." नाही म्हणायची माझी काय बिशाद!

पिल्लांची मातकट लव झडून पिसं आली की हजेरीपटात नोंद, 'गणवेश पूर्ण.' डोक्यावर लव चिकटून राहिली तर 'केस कापून येणे.' पंख फडफडवले की 'कवायत बरी.' पिल्लू उडून गेलं की शाळेच्या जुन्या छापील कागदावर त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, सहीनिशी. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "तुझ्या प्रगतिपुस्तकात याहून बरं काय होतं रे?"

यंदा दहा दाखले झाले. अकरा नंबर मात्र तिथंच. त्याच्या एका पंखाची पिसं मागं राहिली होती. त्यातच धरणातून कालव्याला पाणी सोडलं. बेट आणि काठ यांच्यात कमरेएवढं पाणी होतं, ते गुडघ्यावर आलं. शेळ्या राखणारी कौसाबाई म्हणाली, "मास्तर, दोन दिसांत कुत्री पल्याड जात्याल बगा. मागल्या साली एक पिल्लू ठिवलं न्हाई."

मास्तरांनी जेवण टाकलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पँट दुमडून, काठी घेऊन दिवसभर पाण्यात उभे. मला रडू यायचं आणि रागही यायचा. शेवटी म्हणालो, "मास्तर, उचलून घरी आणू ते पोर."

"खबरदार! अडवून ठेवलेलं पोर आपलं राहत नाही."

तिसऱ्या दिवशी पाणी घोट्यावर आलं आणि दुसऱ्या बाजूनं तीन कुत्री बेटावर चढली. मास्तर ओरडत धावले, चिखलात पडले. पिल्लू पळालं, धडपडलं, पाण्याला पोट घासत गेलं आणि एकदाचं हवेत उठलं. आईबाप कलकलत त्याच्या मागं गेले.

मी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी चिखलातच बसून दाखला लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं, 'उडाला.' मग हजेरीपटातून प्लास्टिकमध्ये जपलेला एक पिवळा कागद काढला. रिबेकाचा दाखला. त्यांची एकुलती लेक. नर्सिंगला तिचा नंबर लागला, तेव्हा लांब जाऊ नये म्हणून बापानंच हा दाखला कपाटात कोंडला होता. ती दाखल्याशिवाय गेली. आईच्या मातीला आली, बापाशी न बोलता परत गेली. तेव्हापासून तिचा पत्ता नाही.

कागदावर सगळं भरलेलं होतं. कारणाचा रकाना तेवढा कोरा.

"काय लिहू रे?"

गणितातला नापास मी काय सांगणार? मास्तरांनी हळूच लिहिलं, 'उडाली.' सही केली. मग लाल पेन घेऊन स्वतःच्याच सहीखाली शेरा मारला, 'हेडमास्तर उशिरा हजर.'

"हा पाठवायचाय. पत्ता काढ कुठून तरी," म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.