नमुना पट्ट्याची रिकामी जागा

आमच्या शेतातला गव्हाचा एक पट्टा सरकारी नोकरीत होता, आणि वीस डिसेंबरला त्याची बदली झाली.

बदली होऊ नये असं माझं म्हणणं नाही. नोकरी म्हटली की बदली आलीच. पण गहू सव्वा महिन्याचा, पुढच्या शुक्रवारी पाटाचं दुसरं पाणी, त्या पाण्याआधी युरिया पडला नाही तर फुटवे जागच्या जागी बसणार, आणि ह्यांना नेमका हाच मुहूर्त सापडला! मी अनुसया बोरगुडे, मुक्काम सावळेगाव. घरात सात माणसं, आणि सातांची वर्षभराची चपाती त्या एका एकरातून येते. मला राग आला तर त्यात माझं काय चुकलं, ते कुणीतरी समोर येऊन सांगावं.

पट्ट्याचं काम साधं होतं. पाच फूट रुंद, शंभर फूट लांब, आणि पेरतानाच त्याला पोटभर युरिया दिलेला. उपाशी राहायचं नाही आणि हिरवं दिसायचं, एवढीच त्याची ड्युटी. आमचा कृषी सहायक थेटे काठीला बांधलेलं यंत्र घेऊन यायचा. आधी पट्ट्यावर धरायचा, मग ज्याच्या त्याच्या गव्हावर. यंत्र पानांवर उजेड टाकतं आणि हिरवेपणाचा आकडा सांगतं. पट्ट्यापेक्षा आपला गहू जेवढा कमी, तेवढी त्याची भूक, आणि तेवढ्याच युरियाची चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय सोसायटीत गोणी मिळत नाही. सगळ्या गावाला तो एकच पट्टा. पद्धत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. आधी आम्ही डोळे मिटून युरिया फेकायचो आणि गहू आडवा पडायचा.

तर वीस तारखेला सकाळी ट्रॉली आली. चार माणसांनी पट्टा मुळांसकट, मातीसकट उचलला. सरपंचांनी शाल आणि नारळ ट्रॉलीत ठेवला, महिनाभराच्या सेवेत पट्ट्यानं एकही रजा घेतली नाही असं भाषण केलं, चार टाळ्या झाल्या, आणि पट्टा गेला दुसऱ्या तालुक्याला. माझ्या शेताच्या मधोमध हातभर खोल चर तेवढा राहिला.

"नवा कधी येणार?" मी थेटेला विचारलं.

"मावशी, नवा येईपर्यंत चार्ज दुसऱ्याकडे दिलाय."

"कुणाकडे?"

"कडाळ्यांच्या खालच्या वावरातल्या गव्हाकडे."

आता गं बया! कडाळ्यांचं खालचं वावर म्हणजे बारमाही पाणी तुंबलेलं. तिथला गहू असा पिवळा, की कावीळ झालेलं माणूस त्याच्यापेक्षा टवटवीत दिसावं. थेटेनं त्याच्यावर यंत्र धरलं, चव्वेचाळीस. माझ्या गव्हावर धरलं, सेहेचाळीस.

"मावशी, तुमचा गहू तर नमुन्यापेक्षा हिरवा आहे," तो खुशीत म्हणाला. "चिठ्ठीची गरजच नाही."

"अरे, माझा गहू पिवळा पडलाय. तुला डोळे आहेत ना?"

"डोळ्यांचा आकडा धरत नाहीत, मावशी."

दुपारपर्यंत सगळ्या गावाचा गहू पोटभर जेवलेला निघाला. थेटेनं तसं फळ्यावर लिहिलं आणि खाली आपली सही केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच अंगावरच्या लुगड्यानिशी एसटीत बसले आणि तालुक्याला हिरवाई मोजणी कचेरीत गेले. तिथले निकम साहेब डबा खात होते. खाऊन होईस्तोवर मी टेबलासमोर उभी राहिले, आणि एकदाही बसले नाही.

"बोला बाई."

"साहेब, उपाशी गव्हाच्या शेजारी उपाशी गहू उभा केला तर दोघांत फरक कुठून येणार? फरक नाही म्हणजे भूक नाही, हे कुठलं डोंबलाचं गणित?"

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे हात पुसले. "तुमचं म्हणणं रास्त आहे. पण पद रिकामं ठेवता येत नाही, आणि नवा पट्टा पेरून तयार व्हायला महिना लागतो."

"शुक्रवारी पाणी आहे."

"पाणी आमच्याकडे येत नाही. ते खातं वेगळं."

मी म्हटलं, नियमाचं पुस्तक काढा. त्यांनी काढलं. वाचा म्हटलं. त्यांनी वाचलं. नमुना स्थानिक असावा, हिरवा असावा, पोटभर जेवलेला असावा आणि नेमलेल्या जागी उभा राहणारा असावा.

"गव्हाचाच असावा, असं लिहिलंय का?"

साहेबांनी पान उलटलं, परत मागे आले, चष्मा पुसला. "नाही. तसं लिहिलेलं दिसत नाही."

"मग मला घ्या. मी सावळेगावची. माझं लुगडं हिरवं. सकाळी दोन भाकरी आणि पिठलं खाऊन निघालेय. आणि उभी तर मी तुमच्यासमोर पाऊण तास आहेच."

साहेबांना मान्य झालं. जेवणाबद्दल त्यांनी दाखला मागितला, तो मी गावातून आणून द्यायचं कबूल केलं. नेमणुकीचा कागद संध्याकाळच्या आत हातात पडला. त्यावर माझी लांबी-रुंदी होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी चरात उभी राहिले. थेटेनं माझ्यावर यंत्र धरलं. एक्याऐंशी. मग तो गावभर फिरला आणि घामाघूम होऊन परत आला.

"मावशी, सगळं गाव उपाशी निघालं की हो!"

"मी काल काय बोंबलत होते?"

गुरुवारपर्यंत घरोघरी चिठ्ठ्या मिळाल्या, गोणी आल्या, युरिया पडला. शुक्रवारी पाटाचं पाणी आलं. ड्युटी दहा ते साडेपाच, त्यामुळे पाणी चरात शिरलं तेव्हा मी तिथेच होते. गुडघ्यापर्यंत गार पाण्यात साडेपाच वाजेपर्यंत उभी होते, आणि निकम साहेबांच्या सात पिढ्यांची आठवण काढत होते. पण गव्हानं आठ दिवसांत रंग धरला. फुटवे असे फुटले की बांधावरून माझी फक्त मान दिसायची.

मार्चमध्ये गहू पिकला. पिकलेला गहू पिवळा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दाणा दाताखाली कडक वाजायला लागला, आता आठ दिवसांत कापला नाही तर झडून मातीत जाणार, अशी वेळ. त्याच वेळी थेटे यंत्र घेऊन आला. मी एक्याऐंशी. गहू एकोणीस.

"मावशी, फार मोठी भूक निघाली," तो म्हणाला. "एकरी चार गोण्या टाकाव्या लागतील. आणि गहू तुमच्याएवढा हिरवा होईस्तोवर कापणीला मनाई आहे."

"थेटे, मुडद्या, तो पिकलाय!"

"पिकण्याचा रकाना नाही, मावशी. हिरवं किती, एवढंच आहे."

संध्याकाळी अख्खं गाव माझ्या दारात. अनुसाबाईमुळं गहू अडकला, अनुसाबाईनं हिरवं नेसून गावाचं वाटोळं केलं! ज्या तोंडांनी डिसेंबरात माझं कौतुक केलं होतं तीच तोंडं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, तुमच्यापैकी एकजण तरी त्या पाण्यात उभा राहिला होता का रे? मी दार लावून घेतलं, ट्रंक उघडली, मुलाच्या हळदीला घेतलेली पिवळीधम्मक साडी काढली, आणि सकाळी दहाच्या ठोक्याला ती नेसून चरात उभी राहिले.

थेटेनं यंत्र धरलं. अठरा. गव्हावर धरलं. एकोणीस.

"फरक नाही," तो म्हणाला. "कापणीला परवानगी."

मग त्यानं नियमाच्या पुस्तकातल्या खालच्या ओळी वाचल्या आणि त्याचा चेहरा पडला. पोरगा वाईट नाही, हे मी आजही सांगते. नमुना एक्याऐंशीवरून अठरावर आला की तो पक्व झाला असं धरतात. पक्व नमुना उभा ठेवता येत नाही. तो कापून घ्यायचा, जमिनीपासून चार बोटं वर, आणि कापल्याचं कळवायचं, म्हणजे पुढच्या हंगामाला जागा मोकळी होते.

"मला कापायचं म्हणतोस?"

"मी नाही म्हणत, मावशी. आकडा म्हणतो."

"पिकाच्या आधी की नंतर?"

थेटेनं पुस्तक पाहिलं. "नंतर. नमुना सगळ्यात शेवटी."

"मग आता बाजूला हो. माझं पीक उभं आहे."

तालुक्याला जाऊन मी पुन्हा भांडले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, पिवळा रंग मला शोभून दिसतो असंही म्हणाले. नियम मात्र तोच. साडी बदलते म्हटलं, तर म्हणाले, कापणीला आलेलं पीक परत हिरवं होत नाही, बाई, हे तुम्हीच थेटेला सांगितलंत ना? चहा मी तसाच ठेवून आले.

चार दिवसांत गहू कापून झाला. पाचव्या दिवशी मळणी झाली. चौदा पोती घरात आली, भिंतीला लावून रचली. सगळ्या गावाचंही घरात आलं. सावळेगावात आता वावरं मोकळी आहेत, आणि उभं म्हणून काही राहिलं असेल तर ती मी.

आज सकाळी सुनेला, वर्षाला म्हटलं, नव्या गव्हाचं पायलीभर दळून आण. तिनं आणलं. पीठ मळताना तिनं दोनदा डोळे पुसले. मी पिवळ्या साडीतच चुलीपुढे पाट घेऊन बसले. पहिली चपाती टम्म फुगली. तिच्यावर तूप घातलं, गूळ घेतला, आणि सावकाश खाल्ली. गोड गहू झालाय. एवढा गोड गहू त्या रानात मी आजवर पाहिला नव्हता.

बाहेर बांधावर थेटे कागद आणि विळा घेऊन कधीचा आलेला.

"आत्याबाई," वर्षा हळूच म्हणाली, "ते हाका मारतायत. दहा वाजून गेले म्हणतात."

"मारू दे हाका," मी म्हटलं. "उन्हात उभं राहणं काय असतं ते कळू दे जरा त्याला. तू दुसरी टाक."